काचेखालचा उजेड

एका जुन्या नाट्यसंस्थेने यंदा उन्हाळ्यात आपल्या निगेटिव्ह भंगारात काढल्या. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण असं करणारी ती एकटी नाही. प्रयोग, तालमी, दौरे, रंगपटातली गडबड, सगळं त्या फिल्मवर होतं. दोन उत्साही तरुणांकडून ते ‘डिजिटल करून’ घेतलं, हार्ड डिस्क कपाटात ठेवली आणि जागा मोकळी व्हावी म्हणून कृष्णधवल फिल्म चांदी काढणाऱ्याला किलोवर विकली. रंगीत स्लाइड त्याने घेतल्या नाहीत. रंगीत फिल्म धुताना तिच्यातली चांदी निघून जाते, मागे नुसते रंग उरतात, त्यामुळे त्याला त्यांचा काही उपयोग नव्हता.

मी त्या डिजिटल प्रती पाहिल्या. कॅमेरा भारी होता, लेन्स अस्सल मॅक्रो होती. फिल्मखाली मात्र मुलांना चित्रं गिरवायला देतात ती एलईडीची पाटी होती, हजार रुपयांच्या आतली. कृष्णधवल चित्रांवर आडवे पट्टे आले होते, कोपऱ्यांत उजेड उतरला होता. रंगमंचामागचा काळा पडदा निगेटिव्हवर जवळजवळ पारदर्शक असतो. तिथे त्या पाटीच्या प्लास्टिकची खरखर जशीच्या तशी उमटली होती. स्लाइडमधला डाळिंबी शालू विटकरी झाला होता आणि कपाळावरचं कुंकू तपकिरी. स्लाइड पुन्हा काढता येतील. कृष्णधवल चित्रांवरचे पट्टे आता कायमचे, कारण परत जायला मूळ फिल्मच नाही.

कॅमेऱ्याला लाखभर रुपये आणि उजेडाला पाचशे-सातशे, हा हिशेब मला आज जिथे तिथे दिसतो. फिल्मची प्रत काढताना कॅमेरा फिल्म टिपत नसतो, फिल्ममधून गाळून आलेला उजेड टिपत असतो. जो रंग त्या उजेडातच नाही तो कितीही महागड्या सेन्सरला सापडणार नाही. माझ्या उमेदीच्या वर्षांत हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक होतं. ते आपण कधी आणि कसं विसरलो, त्याचा हा मागोवा.

साठ-सत्तरच्या दशकांत रेंगाळण्याजोगं फार नाही. वर्तमानपत्रांचं काम कृष्णधवल होतं. एन्लार्जरवर ब्रोमाइड प्रिंट काढायची, तिच्यावरून जस्ताचा ब्लॉक बनवायचा आणि छपाईत निम्मा तपशील गमवायचा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म स्वस्तात मिळायची आणि तिच्यावर एक अख्खी पिढी शिकली. स्लाइडची प्रत काढायची वेळ कमी यायची; आली तर बोवेन्सच्या ‘इल्युमिट्रान’सारखं यंत्र वापरत. वर कॅमेरा आणि बेलोज, मध्ये स्लाइड, खाली दुधी काचेआड फ्लॅशची नळी. आज ज्याला कॅमेरा स्कॅनिंग म्हणतात त्याचा सगळा आराखडा त्या यंत्रात तयार होता. ऐंशीच्या दशकाबद्दल मला बोलायला आवडत नाही. रंगीत पुरवण्या निघाल्या आणि बहुतेक वाईट छापल्या गेल्या.

खरा काळ नव्वदचा. १९९१ नंतर जाहिराती वाढल्या, गुळगुळीत कागद आला, मासिकांची मुखपृष्ठं आणि पुरवण्या चार रंगांत निघू लागल्या. १९९० मध्ये आलेल्या फुजीच्या वेल्वियाने हिरवा आणि लाल किती गडद असू शकतो ते दाखवलं. मुखपृष्ठासाठी ट्रान्सपरन्सी, म्हणजे स्लाइडच लागायची. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना लॅबवाला आपली मर्जी चालवू शकतो. स्लाइड म्हणजे कॅमेऱ्याने जे पाहिलं तेच, धुतल्यावर हातात येणारा अखेरचा शब्द. म्हणून ती ज्या उजेडात बघायची त्या उजेडाला एवढा मान होता.

आमच्या साप्ताहिकाच्या छायाचित्र विभागात खिडकीपासून दूर एक लाइट टेबल होतं. वर दुधी ॲक्रिलिक, खाली ५००० केल्विनच्या ट्यूब, बाजूला भिंग आणि ब्लोअर. चोक बारीक गुणगुणायचा. छपाईच्या धंद्यात जगभर हेच ५००० केल्विन प्रमाण मानतात. दुपारच्या उन्हाइतका पांढरा, ना पिवळट ना निळसर. ट्यूब नुसत्या त्या तापमानाच्या असून भागत नसे, रंग खरे दाखवणाऱ्या हव्यात. त्याचा आकडा सीआरआय. १०० म्हणजे उत्तम, आणि ९० च्या खालच्या ट्यूबला आम्ही हात लावत नव्हतो. त्या सहज मिळत नसत. मागवल्या की वाट बघावी लागे, आणि आल्या की दोन्ही एकदम बदलायच्या, कारण ट्यूब जुनी होत जाते तसा तिचा रंगही सरकतो. सकाळी टेबल चालू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं कुणी स्लाइडवर मत द्यायचं नाही. जी स्लाइड बघायची तिच्याभोवतीचा उघडा उजेड काळ्या कार्डाने झाकायचा, नाहीतर डोळा दिपतो आणि चांगली स्लाइडही फिकी वाटते. टेबलावर कपबशी ठेवणाऱ्याला ओरडा बसे, मग तो कला संपादक का असेना. आमचे कला संपादक ठेवायचेच. त्यांच्या चहाचं एक कडं त्या ॲक्रिलिकवर कायमचं उमटलं होतं, आणि त्या जागेवर स्लाइड ठेवली की आकाशात गोल दिसायचं.

एका दिवाळी अंकाच्या धांदलीत एक ट्यूब गेली. खर्च वाचवायचा म्हणून भांडारातून कचेरीत वापरायच्या साध्या, ६५०० केल्विनच्या ट्यूब आणून बसवल्या. मी दौऱ्यावर होतो. त्या निळसर उजेडात प्रत्येक स्लाइड थंड दिसू लागली, तेव्हा मुखपृष्ठाच्या स्लाइडवर बटर पेपर लावून सूचना लिहिली गेली : पिवळा आणि मॅजेंटा वाढवा. स्लाइडवरून छपाईसाठी रंग वेगळे करणारं प्रोसेस हाउस लोअर परळच्या एका गाळ्यात होतं. तिथे ड्रम स्कॅनरवर बसणारे एक गृहस्थ स्लाइडला तेल लावून ती ॲक्रिलिकच्या नळकांड्यावर अशी चिकटवायचे की एक बुडबुडा राहत नसे. त्यांनी फोन केला. “साहेब, आमच्या टेबलावर ही बरोबर दिसतेय. तुमच्याकडे ट्यूब बदलल्यात का?” कला संपादकांनी त्यांना लिहिलंय तसं करायला सांगितलं. अंक आला. नायिकेचा चेहरा हळद फासल्यासारखा पिवळा, पैठणीचा मोरपंखी काठ शेवाळी. व्यवस्थापक म्हणाले, वाचकाला काय कळतंय. हे वाक्य मी त्यांना आजही माफ केलेलं नाही. वाचकाला कळत होतं, त्या आठवड्याच्या पत्रांत कळलेलं दिसत होतं. त्या स्कॅनरवाल्या गृहस्थांचं कौतुक मात्र कुणी केलं नाही, ते इथे करतो. फोनवर ट्यूबची चूक ओळखणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

त्याच वर्षांत गौतम राजाध्यक्षांची पोर्ट्रेट मासिकांच्या मुखपृष्ठांवर येत होती आणि मोहन वाघांच्या नाटकांच्या छायाचित्रांनी मराठी रंगभूमीचे चेहरे घरोघर पोचवले होते. माणसाची त्वचा ही उजेडाची सगळ्यात कडक परीक्षा. डोंगर थोडा निळा झाला तरी चालतो, गाल हिरवा झाला की चालत नाही. नाटकाच्या स्लाइड तर आणखी अवघड. रंगमंचावरचे दिवे पिवळे-तांबूस, त्यासाठी टंगस्टनच्या उजेडाला जुळवलेली एक्टाक्रोम १६० वापरायची, सावल्या गच्च काळ्या. अशी स्लाइड भिंगाखाली धरली आणि त्या काळोखात नटाच्या अंगरख्याची शिवण दिसली की छायाचित्रकाराला किती कष्ट पडले असतील ते कळायचं. खाली भरपूर आणि खरा उजेड असल्याशिवाय ती शिवण दिसत नसे.

मग विक्रेते आले. कोडॅकची फोटो सीडी १९९२ मध्ये निघाली. एका चकतीवर शंभरेक चित्रं, मोठ्यात मोठा आकार ३०७२ गुणिले २०४८ पिक्सेल. आमच्याकडे माहितीपत्रक घेऊन आलेल्या एका विक्रेत्याने भर बैठकीत सांगितलं की आता स्लाइड ठेवायला जागा अडवू नका, मूळ फेकून दिलं तरी चालेल. मी विरोध केला. मला जुनाट ठरवण्यात आलं. त्या चकत्यांची फाइल कंपनीची खासगी पद्धतीची होती. पुढे कंपनीने ती पद्धतच सोडली आणि आज त्या उघडायला खटपट करावी लागते. त्या सुमारास ज्यांनी स्लाइड सांभाळल्या त्यांच्याकडे चित्रं आहेत.

स्कॅनर मात्र मनापासून आवडले. निकॉनच्या कूलस्कॅनमध्ये पांढरा दिवा नव्हताच. लाल, हिरवी, निळी अशा एलईडी आळीपाळीने पेटायच्या आणि फिल्मचा प्रत्येक रंग स्वतंत्र, स्वच्छ मोजला जायचा. सोबत इन्फ्रारेड. रंगीत फिल्ममधून इन्फ्रारेड आरपार जातो, धूळ आणि ओरखडे मात्र त्याला अडवतात, तेव्हा यंत्राला धूळ नेमकी कुठे ते कळतं आणि ती पुसता येते. कृष्णधवल फिल्ममधली चांदीही इन्फ्रारेड अडवत असल्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही. २००१ च्या सुमारास ४००० डीपीआयचं यंत्र टेबलावर आलं आणि ड्रम स्कॅनरचे दिवस भरले.

मला वाटतं विसर तिथून सुरू झाला. उजेड पेटीच्या आत गेला. तो कुणी निवडायचा नाही, कुणी बदलायचा नाही, तो असतोच. जपानमधल्या अभियंत्यांनी आपल्यासाठी तो इतका नीट निवडून ठेवला होता की एका पिढीला फिल्मच्या प्रतीविषयी फक्त डीपीआयची भाषा उरली. छायाचित्र विभागातलं लाइट टेबल कोपऱ्यात सरकलं, त्यावर फायली आल्या, आणि एका दिवाळीच्या साफसफाईत ते गेलं.

पुढची वर्षं भराभर सांगून टाकतो, ती मला नको आहेत. २००६ मध्ये कोनिका मिनोल्टा कंपनी कॅमेरा आणि फिल्मच्या धंद्यातून बाहेर पडली. २००९ मध्ये कोडाक्रोम बंद झाल्याची घोषणा झाली आणि कॅन्ससमधल्या पार्सन्स गावच्या एकमेव उरलेल्या लॅबने २०१० च्या अखेरीस शेवटचे रोल स्वीकारले. कूलस्कॅन त्याच सुमारास थांबला. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं. गल्लोगल्लीच्या मिनीलॅबमध्ये रोल धुतल्यावर एक सीडी मिळायची. त्यावर बहुतेकदा दीड-दोन हजार पिक्सेलची, भडक आणि अतितीक्ष्ण केलेली चित्रं असत. लोकांना वाटलं, झालं डिजिटल.

आता फिल्म परत आली आहे. कोडॅकने एक्टाक्रोम २०१८ मध्ये पुन्हा काढली. निकॉनने २०१७ च्या डी८५० कॅमेऱ्यात निगेटिव्ह उलटी करून रंग सरळ दाखवण्याची सोय दिली. जुने स्कॅनर जगवायला सुटे भाग नाहीत, नव्या संगणकांवर त्यांची मूळ सॉफ्टवेअर चालत नाहीत, म्हणून लोक कॅमेरा आणि मॅक्रो लेन्सकडे वळले. त्यात काहीच वावगं नाही. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम कॅमेऱ्याने ३६ मिलिमीटर रुंदीची चौकट पूर्ण आकारात टिपली तर ६००० पिक्सेल मिळतात, म्हणजे इंचाला ४२०० च्या वर. कूलस्कॅनइतकंच, आणि एका चित्राला कित्येक मिनिटांऐवजी क्षणभर. तपशिलाचा प्रश्न सुटला. आणि उजेड पेटीतून पुन्हा बाहेर आला, आपल्या निवडीवर आला, तर आपण बाजारातली सर्वांत स्वस्त पाटी उचलली.

त्या पाटीत काय बिघडतं ते सांगायलाच हवं. पांढरी एलईडी मुळात निळी असते. तिच्यावरचा पिवळसर लेप त्या निळ्यातून बाकीचे रंग काढतो. स्वस्त लेपात निळ्याचा एक उंच सुळका राहतो, त्याच्यापुढे निळसर-हिरव्या भागात खळगा पडतो आणि गडद लाल जवळजवळ नसतोच. डोळ्याला ती पांढरीच वाटते. कुंकू तपकिरी का झालं त्याचं उत्तर त्या नसलेल्या लालात आहे. वेष्टनावर सीआरआय ९५ छापलेलं असलं तरी गाफील राहू नये, कारण तो आकडा आठ फिकट रंगनमुन्यांची सरासरी असतो आणि गडद लाल त्यात धरत नाहीत. त्याचा आकडा आर९ नावाने वेगळा देतात. आपल्याकडे शालू, कुंकू, फेटे, गुलाल यांची छायाचित्रं असताना आर९ न विचारता पेटी घेणं मला पटत नाही. जो विक्रेता तो सांगत नाही त्याच्याकडून मी घेत नाही. हाताशी काही नसेल तर अंधाऱ्या खोलीत त्या उजेडाखाली जुनी सीडी तिरकी धरावी. तिच्यावर पडलेल्या पट्ट्यात निळ्यानंतर काळपट फट दिसली आणि लाल टोकाला लवकर विझला, तर ती पाटी मुलांना परत द्यावी.

आडवे पट्टे येतात ते उजेड कमी केल्यावर. अशा पाट्या मंद करायच्या तर एलईडी दर सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू करतात. झटकन टिपणाऱ्या शटरला, विशेषतः इलेक्ट्रॉनिक शटरला, ती उघडझाप पकडता येते. पाटी पूर्ण तेजावर ठेवावी आणि शटर १/१५ सेकंद किंवा त्याहून सावकाश ठेवावं, किंवा सरळ स्थिर विजेवर चालणारी पेटी घ्यावी. खरखर उमटते ती फिल्म थेट पाटीवर टेकवल्यामुळे. फिल्म दोन-तीन सेंटिमीटर वर उचलली की खालची धूळ आणि प्लास्टिकचे कण फोकसबाहेर जातात. आणि मोठी पेटी घेण्याची हौस अनाठायी आहे. ३५ मिलिमीटरच्या चौकटीला पोस्टकार्डाएवढी पुष्कळ झाली. ए४ आकाराची घेऊन तिचा उरलेला भाग काळ्या कागदाने झाकला नाही, तर तो मोकळा उजेड लेन्समध्ये शिरून काळोख राखाडी करतो. काळ्या कार्डाचा नियम आमच्या टेबलावर उगाच नव्हता.

रंगीत निगेटिव्ह आणि स्लाइड यांना एकच उजेड चालतो हे मात्र मी मानत नाही. स्लाइड माणसाच्या डोळ्यासाठी बनली, तिला अखंड पांढरा उजेड हवा. निगेटिव्ह बनली फोटोच्या कागदासाठी. तो कागद लाल, हिरवा, निळा असे तीन वेगवेगळे पट्टेच पाहतो. मधला पिवळा उजेड त्याच्या खिजगणतीत नसतो. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र तो पिवळा लाल आणि हिरवा अशा दोन्ही खात्यांवर मांडतो, रंग एकमेकांत मिसळतात, आणि निगेटिव्हवरची नारिंगी झाक काढताना त्वचेचा रंग हाती लागत नाही. अलीकडे काही लोक निगेटिव्हसाठी लाल, हिरव्या, निळ्या एलईडीच्या पेट्या बनवू लागले आहेत. कूलस्कॅनच्या पोटात हेच होतं. हे काम मनापासून करणारी तरुण मंडळी पाहिली की बरं वाटतं.

कृष्णधवल फिल्मला रंगाची फिकीर नाही, पण उजेड किती मऊ आहे याची आहे. चांदीचे कण उजेड विखुरतात. सरळ रेषेत येणारा कडक उजेड पडला तर कॉन्ट्रास्ट वाढतो आणि प्रत्येक ओरखडा ओरडू लागतो. जाड ओपल ॲक्रिलिकमधून आलेला पसरट उजेड तेच ओरखडे बरेच झाकतो. आणि पैशांची अडचण असेल तर माझा सल्ला आजही इल्युमिट्रानचाच. घरात पडलेला कॅमेऱ्याचा फ्लॅश ओपल ॲक्रिलिकच्या तुकड्याआड ठेवा. झेनॉनचा उजेड जवळजवळ दिवसाच्या उजेडासारखा अखंड, लाल त्यात पुरेपूर, आणि लखलखाट इतका क्षणिक की खालून रेल्वे गेली तरी चित्र हलत नाही.

वेळ फार नाही. आपल्या हवेत ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास यायला लागतो, ती आक्रसते. पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी चढते, आणि बुरशी लागलेली फिल्म पाण्याने धुवायला गेलं तर जिलेटिनच विरघळून जातं. म्हणून घाई समजू शकतो. घाईत मूळ विकून टाकणं समजू शकत नाही. ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पी. के. नायरांनी पुण्यात फिल्म संग्रहालय उभं करताना पाहिलेल्या हानीत चांदीसाठी वितळवलेल्या फिल्मचा मोठा वाटा होता. पुन्हा त्याच चांदीपायी नाटकांच्या निगेटिव्ह जाव्यात?

संस्था, ग्रंथालयं आणि वर्तमानपत्रं आता डिजिटल प्रतींचं काम बाहेर देतात. अशा मागणीपत्रांत डीपीआय असतो, फाइलचा प्रकार असतो, हार्ड डिस्कची क्षमता असते. उजेडाचा शब्द मला अजून एकाही मागणीपत्रात दिसलेला नाही. त्यात पेटीचं नाव आणि आर९चा आकडा लिहून घ्यावा, आणि प्रत्येक रोलच्या सुरुवातीला फिल्म न ठेवता नुसत्या उजेडाची एक चौकट त्याच सेटिंगवर टिपून तीही सोबत मागावी. कोपरे किती उतरले आणि रंग कुठे झुकला ते तिच्यावर मोजता येतं, आणि आज पेटी हलकी मिळाली तरी उद्याच्या माणसाला त्या मापाने कोपरे उजळता येतात, झाक काढता येते. उजेडात नसलेला लाल मात्र त्या चौकटीने परत येत नाही. त्यासाठी मूळ फिल्मच लागते.